दम लागतो? आधी बोटे पाहा

डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनचा जिना चढताना दम लागला, की कारणे तयारच असतात. वय झाले, वजन वाढले, रक्त कमी आहे. चाळिशीतल्या बाईला दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, तेव्हा तिच्या बोटांकडे सहसा कुणी पाहत नाही. स्क्लेरोडर्मा या आजारात खूण बऱ्याचदा तिथेच असते.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त आढळतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि कोलॅजेन हे धाग्यांसारखे प्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार होऊ लागते. जखम भरताना जसा व्रण होतो, तसाच प्रकार जखम नसताना चालू राहतो. त्वचा ताठ होते, अंगठी निघत नाही, घास घेताना तोंड पुरेसे उघडत नाही. त्याच्या आधी, कधी कित्येक वर्षे आधी, गारव्याने बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होत असतात. ठाण्यात थंडी ती कसली, असे वाटेल. पण फ्रीजमधली बाटली किंवा एसी लोकल एवढ्यावर भागते.

हाच व्रण फुप्फुसात होतो तेव्हा तो दिसत नाही. वायुकोशांच्या अतिशय पातळ भिंतींना आधी सूज येते, नंतर त्या जाड आणि तंतुमय होतात. प्राणवायू रक्तात जायला वेळ लागतो आणि फुप्फुस पुरते फुगत नाही. सुरुवात बहुधा दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, पाठीच्या बाजूला होते. तिथे स्टेथोस्कोप ठेवला, तर बुटाचा वेल्क्रो उघडावा तसा आवाज येतो. साधा एक्स-रे या टप्प्यावर स्वच्छ दिसू शकतो, म्हणून निदान झाल्याबरोबर छातीचा एचआरसीटी आणि श्वासक्षमतेची चाचणी करायची असते. दम लागण्याची वाट पाहायची नसते. पहिल्या काही वर्षांत नुकसान सर्वांत वेगाने होते.

आपल्याकडे एक अडचण वेगळी आहे. खोकला, वजन घटणे, एक्स-रेवर सावली म्हटले की टीबीचा संशय येतो आणि तो यायलाच हवा. पण थुंकीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, गोळ्यांनी फरक पडत नाही, तरी कोर्स चालूच ठेवला, तर मोलाचे महिने हातचे जातात. उलट स्क्लेरोडर्माची औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे ती देण्यापूर्वी टीबी नाही ना, हे पाहावेच लागते.

रुग्ण पुरुष असेल तर कामाची चौकशी हवी. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणकामगारांत सिलिकाची धूळ आणि स्क्लेरोडर्मा यांचा संबंध इरॅस्मस यांनी 1957 मध्ये मांडला. दगडखाणी आणि खडी क्रशर ठाणे जिल्ह्यातही आहेत.

एकेकाळी या रुग्णांचा जीव मूत्रपिंडामुळे जाई. रक्तदाबाच्या एसीई इन्हिबिटर गोळ्यांनी ते चित्र बदलले आणि आता मृत्यूच्या कारणांत फुप्फुसे पुढे आहेत. आज मायकोफेनोलेट हे मुख्य औषध मानले जाते. गरोदरपणात ते चालत नाही, हे तरुण रुग्णांना आधीच सांगायला हवे. 2019 मध्ये 576 रुग्णांवरील चाचणीत निंटेडानिबने श्वासक्षमतेची वार्षिक घट सुमारे 93 मिलिलिटरवरून 52 वर आली. घट मंदावली, थांबली नाही. आणि जुलाबांचा त्रास पुष्कळांना झाला. झालेला व्रण कोणतेही औषध पुसत नाही. स्टिरॉइड मात्र मनाने घेऊ नये; मोठ्या मात्रेने मूत्रपिंडावर अचानक संकट येऊ शकते.

आम्लपित्तही किरकोळ समजू नये. अन्ननलिका सैल पडल्याने आम्ल वर येऊन श्वासनलिकेत झिरपू शकते. उशाकडची बाजू उंच करावी, रात्रीचे जेवण लवकर उरकावे. कोविडकाळात घरोघर आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. गार, रक्तपुरवठा कमी असलेल्या बोटावर आकडा खोटाच कमी येतो. हात ऊबदार करून पुन्हा मोजावे. रुग्णालयात कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा सेन्सर मागावा.