बालवर्गातील पटमर्यादा व सेविकांचे मानधन

तीन ते सहा वर्षे वयोगटातील मुलांच्या वर्गात एका प्रौढ व्यक्तीकडे जास्तीत जास्त किती मुले सोपवावीत यासंबंधीचा नियम, आणि त्या व्यक्तीस द्यावयाचा मोबदला, हे पूर्वप्राथमिक शिक्षणातील परस्परसंबद्ध असे दोन प्रश्न होत. मर्यादेमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी अंतर्भूत असतात : एक, प्रौढ व्यक्ती व मुले यांचे प्रमाण, दुसरी, एका गटाचे प्रत्यक्ष आकारमान. चाळीस मुलांच्या एकाच खोलीत दोन सेविका असणे आणि वीस-वीस मुलांचे दोन गट वेगळे असणे, यांतील प्रमाण कागदावर एकच दिसते; मुलाच्या दृष्टीने मात्र त्यांत फार अंतर आहे. या वयातील मूल शब्दांपेक्षा सहवासाने शिकते. त्याचे नाक पुसणे, भांडण सोडविणे, हातात खडू कसा धरावा हे दाखविणे, हे सर्व एकेकट्यानेच करावे लागते. सामुदायिक सूचनेने ते होत नाही.

गटाचे आकारमान लहान असावे, हे बालशिक्षणाच्या सर्वच प्रवर्तकांचे मत होते असे नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहरातील सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हा तेथे सुमारे पन्नास मुले होती. मिश्र वयाच्या मोठ्या गटात थोरली मुले धाकट्यांना शिकवितात, यावर त्यांचा भर होता. तथापि ही रचना खास साधने आणि मुलांना स्वयंशिस्तीची लागलेली सवय यांवर आधारलेली होती, ही गोष्ट मोठ्या वर्गाचे समर्थन करताना पुष्कळदा विसरली जाते. भारतात गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी ही पद्धती येथील परिस्थितीला जुळवून घेतली. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाड येथे हलविले. अनुताई वाघ या कार्यात आरंभापासून होत्या. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेकडे येत नाहीत असे पाहून शिक्षिकाच पाड्यावर जाऊन घराच्या अंगणात मुले जमवू लागल्या. पुढे सबंध देशात रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या संज्ञेचे मूळ या प्रयोगात आहे. तेथे पट किती असावा हे नियमाने नव्हे, तर पाड्याच्या वस्तीने ठरत असे.

पटमर्यादेच्या परिणामांविषयी अमेरिकेत झालेली दोन संशोधने विशेष महत्त्वाची आहेत. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाळणाघरांच्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळून आले, की तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बाबतीत गटाचे आकारमान आणि सेविकेचे बालविकासविषयक प्रशिक्षण या दोन गोष्टींचा सेवेच्या दर्जाशी असलेला संबंध निव्वळ प्रमाणापेक्षा अधिक ठळक असतो. दुसरे संशोधन टेनेसी राज्यातील १९८५ ते १९८९ या काळातील ‘स्टार’ प्रयोग होय. यात बालवर्गापासून तिसरीपर्यंतची अकरा हजारांहून अधिक मुले, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, तीन प्रकारच्या वर्गांत वाटली गेली : १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग, आणि नेहमीच्याच आकाराचे पण शिक्षिकेस पूर्णवेळ मदतनीस दिलेले वर्ग. लहान वर्गांतील मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक झाली. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. मदतनीस नेमली की पट वाढविण्यास हरकत नाही, अशी जी प्रशासकीय समजूत सर्वत्र आढळते, तिला या निष्कर्षाने आधार उरत नाही.

मर्यादा घातली की शिक्षिकांची गरज वाढते, आणि येथेच मोबदल्याचा प्रश्न उपस्थित होतो. कॅलिफोर्नियात १९९६ पासून खालच्या वर्गांचा पट २० पर्यंत उतरविण्यासाठी शाळांना जादा अनुदान देण्यात आले. हजारो नव्या जागा एकदम निर्माण झाल्या व अर्हताप्राप्त शिक्षक अधिक सुस्थितीतील भागांकडे वळले; गरीब वस्त्यांतील शाळांना अर्हता नसलेले शिक्षक नेमावे लागले. केवळ आकडा उतरविल्याने जे साधावयाचे ते साधत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने दुसऱ्या टोकापासून आरंभ केला. तेथे प्रमाणित बालशिक्षिकांना २०१८ पासून ताशी १ डॉलर वेतनपूरक रक्कम मिळू लागली व टप्प्याटप्प्याने ती २०२४ मध्ये ६ डॉलरपर्यंत गेली. हे अधिदान शैक्षणिक अर्हतेशी जोडलेले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गास १९९८ च्या अधिनियमाने ३० ची मर्यादा आहे.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप अगदी निराळे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहा सेवांपैकी केवळ एक सेवा होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी, संदर्भसेवा व मातांचे आरोग्यशिक्षण या उरलेल्या पाच सेवांचा भारही त्याच सेविकेवर पडला. अंगणवाडी मंजूर करण्याचा निकष पटसंख्या हा नसून लोकसंख्या हा होता. साधारणतः ४०० ते ८०० वस्तीमागे एक केंद्र, असा नियम पुढे ठरला. त्यामुळे एखाद्या वाडीत पंधरा तर दाट झोपडवस्तीत त्याच्या कितीतरी पट मुले एका सेविकेकडे येऊ शकतात. लहान अंगणवाडीत तर मदतनीसही नसे. अशी केंद्रे पूर्ण अंगणवाडीत रूपांतरित करून तेथे मदतनीस देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये, जेथे सहा वर्षांखालील किमान ४० मुले असूनही केंद्र नाही, तेथील रहिवाशांना मागणी करताच अंगणवाडी मिळण्याचा हक्क आहे, असा आदेश दिला. यात ४० हा केंद्र उघडण्याचा किमान आकडा आहे. वर्गाचा कमाल आकडा नव्हे.

कमाल मर्यादा प्रथम स्पष्टपणे मांडली ती २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने. त्यानुसार तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे व तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, आणि ३० मुलांच्या गटासाठी किमान ३५ चौ.मी.ची खोली असावी. धोरण हे कायदा नसल्याने त्याचा भंग झाला तरी दाद मागण्याची सोय नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ हा सहा वर्षांपासून पुढे लागू होतो. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे त्याच्या परिशिष्टात बंधन आहे. तीन ते सहा वयोगटासाठी मात्र कलम ११ मध्ये शासनाने आवश्यक ती व्यवस्था करावी एवढेच म्हटले आहे. परिणामी सहा वर्षांच्या मुलाला कायद्याचे जे संरक्षण आहे, ते अधिक परावलंबी असलेल्या चार वर्षांच्या मुलाला नाही.

सेविकेस मिळणाऱ्या रकमेस आरंभापासून वेतन न म्हणता मानधन म्हटले गेले. १९७५ मध्ये ते मॅट्रिक उत्तीर्ण सेविकेस दरमहा १५० रु., अनुत्तीर्ण सेविकेस १०० रु. व मदतनीसास ३५ रु. होते. केंद्राने ठरविलेली रक्कम २०११ मध्ये ३,००० रु. आणि ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रु. झाली, मदतनीसाची २,२५० रु. झाली. राज्ये आपापल्या कुवतीप्रमाणे व इच्छेप्रमाणे तीत भर घालतात, त्यामुळे एकाच कामाचा मोबदला राज्याची सीमा ओलांडताच बदलतो. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सेविकांचे एकूण मानधन ८,३२५ रु. वरून १०,००० रु. व मदतनीसांचे ४,४२५ रु. वरून ५,५०० रु. केले. तमिळनाडूने विशेष वेतनश्रेणी लागू केली, हा अपवाद. २०१८ मध्ये सेविकेस दरमहा ५०० रु. व मदतनीसास २५० रु. असा प्रोत्साहन भत्ताही सुरू झाला. परंतु तो पोषण अभियानातील कामाच्या पूर्ततेशी निगडित होता. मुलांना गोष्ट सांगणारी सेविका व न सांगणारी सेविका या भत्त्याच्या हिशेबी सारख्याच ठरतात. ज्या कामाला पैसा त्याच कामाला वेळ, हा व्यवहार सेविकाही जाणतात, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येत नाही.

‘मानधन’ या शब्दाची निवड केवळ भाषिक नाही. सेवा स्वेच्छेची व अर्धवेळ आहे असे गृहीत धरल्याने किमान वेतन, निवृत्तिवेतन व नोकरीची शाश्वती हे सर्व त्याबरोबर गळून पडते. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी (२००६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवरील अशा सर्व स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. मणिबेन मगनभाई भारिया खटल्यात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी केंद्र ही आस्थापना असून मानधन हे वेतनच होय, असे ठरविले व सेविका-मदतनीसांना उपदान प्रदान अधिनियम, १९७२ खाली उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. शिक्षण हक्क व अन्नसुरक्षा या अधिनियमांनी अंगणवाड्यांवर वैधानिक कर्तव्ये सोपविली आहेत, तेव्हा हे काम अर्धवेळ मानता येणार नाही, हे त्या निर्णयातील महत्त्वाचे प्रतिपादन होय.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानल्याने अंगणवाडी प्रथमच औपचारिक शिक्षणरचनेत आली. बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम त्यात सुचविलेला आहे. हे प्रशिक्षण चालू काम सांभाळून, दूरशिक्षणाने घ्यावयाचे आहे. ते पूर्ण करणाऱ्या सेविकेस प्राथमिक शिक्षिकेच्या वेतनश्रेणीकडे नेणारा मार्ग मात्र धोरणात आखलेला नाही. महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ च्या अखेरच्या आठवड्यापर्यंत संपावर होत्या; मानधनवाढ, निवृत्तिवेतन व उपदान या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या.