तबकडीच्या पोटावरचा कागद

२००९ साली इंग्लंडमध्ये सात इंची एक तबकडी २५,७४२ पौंडांना विकली गेली. साल १९६५, गाव डेट्रॉइट, मालक मोटाउन, लेबलचं नाव 'सोल' आणि गायक फ्रँक विल्सन. विल्सननं गायनापेक्षा निर्मितीची बाजू धरली, म्हणून मोटाउननं छापलेल्या नमुना-प्रती मोडीत काढल्या आणि जेमतेम दोन-चार निसटल्या, अशी तिची कथा सांगतात. मला त्या किमतीपेक्षा तिचा मधला प्रवास जास्त रंजक वाटतो. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या नाचघरांत ही तबकडी वाजत होती, पण एडी फॉस्टर या भलत्याच गायकाच्या नावानं. तिथल्या डीजेंची ती रीतच होती. दुर्मीळ तबकडी हाती लागली की लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि खोटं नाव सांगायचं, म्हणजे पलीकडच्या गावातल्या डीजेला ती शोधता येऊ नये.

सोल संगीताच्या, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या तबकड्या जमवणारे लोक लेबलकडे किती बारकाईनं बघतात, हे कळलं की आपले नाणेसंग्राहक फारच भोळे वाटू लागतात. मोटाउनच्याच टॅमला या छापाच्या सुरुवातीच्या लेबलवर आडव्या रेघा आहेत, पुढच्यावर पृथ्वीगोल. मोटाउनच्या लेबलवर डेट्रॉइटचा नकाशा. स्टॅक्स कंपनीचं अटलांटिक कंपनीशी असलेलं नातं १९६८ मध्ये तुटलं, तेव्हा तबकड्यांची चळत दाखवणारं निळं लेबल गेलं आणि चुटकी वाजवणाऱ्या बोटांचं पिवळं लेबल आलं. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात छापलेली प्रत असेल, तर लेबलाबाहेरच्या मोकळ्या पट्टीत बारीक त्रिकोण कोरलेला सापडतो. गाणं तेच, आवाज तोच, पण त्रिकोण आहे की नाही यावर भाव वर-खाली होतो.

हे वेड मी दिल्लीत घेऊन फिरतो. इथे सोलच्या तबकड्या क्वचित दिसतात. दिसतो तो आपला माल. चांदणी चौकात न्यू ग्रामोफोन हाऊस आहे. फाळणीत लाहोर सोडून आलेल्या कुटुंबाचं दुकान. जामा मशिदीजवळच्या मीना बाजारात शाह म्युझिक सेंटर आहे, तिथे छतापर्यंत तबकड्या रचलेल्या. दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये फुटपाथवरून उठून महिला हाटच्या आवारात गेला. जुन्या दिल्लीतले विक्रेते आजही तबकडीला 'तवा' म्हणतात आणि गिऱ्हाईकही 'कुत्तेवाला तवा' मागतं. एचएमव्ही हे नाव उच्चारायची गरज कुणाला वाटत नाही.

कुत्र्याआधी मात्र देवदूत होता. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रणं करून गेला, तेव्हाच्या तबकड्यांवर पिसाच्या लेखणीनं चकतीवर लिहीत बसलेला देवदूत आहे. या तबकड्या एकाच बाजूनं वाजत. दुसऱ्या बाजूला लेबलच नसे. तिथे तोच देवदूत कोरलेला असे. मेणाचे साचे बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथून तबकड्या होऊन परत येत. गायिका गौहर जान गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव पुकारते, ते या प्रवासामुळे. हॅनोव्हरच्या कामगाराला ठुमरी आणि ख्याल यांतला फरक कुठून कळणार? निदान कुणाच्या तबकडीवर कुणाचा कागद लावायचा, एवढं तरी त्याला कळावं. म्हणजे आपल्याकडे लेबल छापण्याआधी ते गाऊन सांगितलं जात होतं. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना सुरू झाला आणि १९२८ मध्ये तो दमदमला गेला. त्यानंतर निम्म्या शतकाहून अधिक काळ भारताच्या कानावर जे पडलं, त्यातलं बहुतेक दमदमचं होतं.

निपर हा कुत्रा १९०९ पासून कंपनीच्या लेबलांवर आला. भारतात तो थोडा उशिरा रुळला. १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय झाली. ओडियन आधीच कोलंबियाच्या पंखाखाली होती, त्यामुळे तीही आत आली. या विलीनीकरणानं भारतीय लेबलांचा जो गुंता झाला, त्यात नवा संग्राहक हमखास अडकतो. साठच्या दशकातलं हिंदी चित्रपटसंगीत बघा. एका चित्रपटाची लाँगप्ले एंजलवर, दुसऱ्याची ओडियनवर, तिसऱ्याची कोलंबियावर, आणि शास्त्रीय गायन एचएमव्हीवर. चार प्रतिस्पर्धी कंपन्या असाव्यात असं वाटतं. कडेची बारीक अक्षरं वाचली की चारही ठिकाणी एकच मालक निघतो. ओळखायची खूण क्रमांकाच्या अक्षरांत असते: थ्री-एईएक्स म्हणजे एंजल, एमओसीई म्हणजे ओडियन, ३३ ईएसएक्स म्हणजे कोलंबिया, ईएएलपी किंवा ईसीएलपी म्हणजे एचएमव्ही. खरा प्रतिस्पर्धी सत्तरच्या दशकात आला, पॉलिडोर. 'शोले'ची गाणी आणि संवाद पॉलिडोरच्या लाल लेबलवर आहेत. ही तबकडी दिल्लीत अजून इतकी सापडते की तिला दुर्मीळ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून मी दुसरं काहीच घेत नाही.

लेबल बदलत गेलं की काय काय कळतं, हे बघायला माझ्या मते अब्दुल करीम खाँसाहेबांसारखं उदाहरण नाही. खाँसाहेब मूळचे कैरानाचे. शामली जिल्ह्यातलं हे गाव आता राजधानी क्षेत्राच्या, म्हणजे एनसीआरच्या, नकाशात मोडतं. गाणं आणि घर मात्र मिरजेचं झालं. त्यांचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर आला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, देवदूताच्या काळात, एकाच बाजूला. मग बराच खंड पडला आणि १९३४ नंतर ओडियनसाठी त्यांनी जे गायलं, त्यावर आजची त्यांची कीर्ती उभी आहे. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले. पुढे ओडियनचा इथला स्वतंत्र कारभार आटोपला आणि तीच ध्वनिमुद्रणं कोलंबियाच्या लेबलवर, बीईएक्स या बारा इंची मालिकेत आली. नंतर लाँगप्ले. ओडियनची आणि कोलंबियाची प्रत शेजारी ठेवून बघितली की कागद वेगळा, रंग वेगळा, मांडणी वेगळी दिसते. लेबलाभोवतीच्या काळ्या पट्टीत कोरलेला साचा-क्रमांक वाचला, की दोन्ही तबकड्या एकाच गायनाच्या आहेत हे कळतं. ओडियनची प्रत पहिली म्हणून तिला जास्त पैसे मोजणारे संग्राहक आहेत. माझं मत वेगळं आहे: झिजलेल्या ओडियनपेक्षा नीट राखलेली कोलंबिया कानाला जास्त देते. आणि खाँसाहेबांचा तो पुकार ऐकायचा असेल, तर कान महत्त्वाचा.

त्यांची मुलगीही लेबलवर आली, हिराबाई बडोदेकर म्हणून. वडिलांच्या नावाचा मागमूस तिथे नाही. आडनाव आईच्या बडोद्याचं. लेबलवर मावतं तेवढंच नाव जगाला कळतं, आणि काय मावावं हे कुणीतरी ठरवतं. जुन्या तबकड्यांवर बायकांच्या नावापुढे-मागे काय लावलंय ते नुसतं वाचत जा: बाई, जान, मिस, बेगम. दिल्लीची काली जान, अलाहाबादची जानकीबाई. गावाचं नाव जोडलं की ओळख पुरी. तीसच्या दशकात कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीच्या लेबलवर गझला-ठुमऱ्या गाणारी अख्तरीबाई फैजाबादी आहे. १९४५ मध्ये तिचं लग्न झालं, काही वर्षं गाणं थांबलं, आणि ती परतली तेव्हाच्या लेबलवर बेगम अख्तर. मीना बाजारात ही दोन्ही नावं एकाच ढिगात सापडू शकतात. गिऱ्हाईक बेगम अख्तर मागतं; अख्तरीबाईचा तवा तळाशी पडून राहतो. सोलवाल्यांच्या हिशेबानं खरी चढी किंमत तळातल्या तव्याला हवी.

आता 'महल'. १९४९ चा चित्रपट, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातल्या मधुबालावरच्या त्या सुप्रसिद्ध गाण्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा लेबलवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी. कामिनी हे चित्रपटातलं पात्र. गाणाऱ्या मुलीचं वय वीस आणि तिचं नाव लता मंगेशकर. ते कागदावर नव्हतंच. आधी नट-नट्या स्वतःच गात, तेव्हा पात्राचं नाव छापणं चालून जाई. पार्श्वगायन आलं तरी छापखान्याची सवय सुटली नव्हती. गाणं रेडिओवर वाजलं आणि गायिका कोण अशी विचारणा करणारी पत्रं केंद्रावर येऊ लागली. रेडिओनं कंपनीकडून नाव मिळवलं आणि ते जाहीर केलं. नंतरच्या प्रतींवर लता मंगेशकर छापलं गेलं. उत्तर इंग्लंडच्या डीजेनं फ्रँक विल्सनचं नाव झाकलं ते धंद्यातली चोरटी युक्ती म्हणून. लताबाईंचं नाव झाकलं ते कंपनीनं, राजरोस आणि काही विशेष करतोय असं न वाटता. म्हणून कामिनीची तबकडी मला भारतीय लेबलांच्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते, मग बाजार काहीही म्हणो.

तेवढ्यावर प्रकरण संपत नाही. लताबाईंचं नाव आलं तरी गीतकाराला जागा कधी मिळे, कधी नाही. शास्त्रीय तबकड्यांवर साथीचा तबलजी आणि सारंगिया बहुधा नसतोच. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ ज्यांनी रचला ते गोव्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा अठ्ठ्याहत्तरच्या लेबलांवर शोधून सापडत नाहीत. मोटाउनचे वादकही तिथे असेच अनेक वर्षं निनावी राहिले, तेव्हा याबाबतीत डेट्रॉइट आणि दमदम यांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही.

पाश्चात्य संग्राहकांना भारतीय लेबलांचं कौतुक असतं ते वेगळ्याच कारणासाठी. इंग्लंड-अमेरिकेत अठ्ठ्याहत्तरची तबकडी मोडीत निघाली, तरी आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते आणि खेड्यापाड्यांत वीज नव्हती. म्हणून दमदमनं बीटल्सची गाणीसुद्धा १९६३ नंतर अठ्ठ्याहत्तरच्या लाखेच्या तबकड्यांवर छापली, पार्लोफोनच्या लेबलवर, डीपीई अशा क्रमांकानं. जगात दुसरीकडे बीटल्स या रूपात सहसा भेटत नाहीत. दिल्लीतल्या कुणाकडे ती असेल तर तो मला दाखवत नाही, हे स्वाभाविकच.

मोल आलं की नक्कल येते. छपाईयंत्रावर काढलेलं लेबल जुन्या, नावापुरत्या तबकडीवर डकवून विकणारे भेटतात. ओळखायला भिंग पुरतं. खरं लेबल गोंदानं चिकटवलेलं नसतं. भट्टीत कोरडं केलेला कागद लाखेच्या किंवा व्हायनलच्या गरम गोळ्याबरोबर साच्यातच दाबला जातो, त्यामुळे तो तबकडीत मुरतो आणि त्याच्या कडेला पायरी लागत नाही. नखाला कडा जाणवली तर सावध व्हावं. दुसरी खूण अक्षरांची: जुन्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुततं आणि शाई एकसलग असते. नकलेत भिंगाखाली रंगांचे ठिपके दिसतात. कागदाचा रंग थोडा फिका-गडद असल्यावर मात्र लगेच 'दुर्मीळ छपाई' म्हणून नाचू नये. कारखान्यात त्या आठवड्यात कुठला कागद आला होता, एवढंच बऱ्याचदा त्यामागे असतं. काही संग्राहक अशा छटांवर पानंच्या पानं खर्ची घालतात. मला ते वेळेचं दिवाळं वाटतं.

अभ्यासाची साधनं नाहीत असं नाही. मायकल किनिअर या ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या संशोधकानं भारतातल्या अठ्ठ्याहत्तरच्या लेबलांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे, आणि खाँसाहेबांच्या तबकड्यांवर 'संगीत रत्न' हे पुस्तक त्याचंच. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांनी तिचं काम वर्षानुवर्षं रेटलं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा ध्वनिसंग्रह १९८२ मध्ये सुरू झाला तो आता गुरुग्रामात आहे. मात्र कोणत्या कंपनीनं कोणत्या साली कुठलं लेबल वापरलं याची मराठी गाण्यांपुरती सलग, चित्रांसह नोंद अजून कुठे हाती लागत नाही. नाट्यगीत आणि भावगीत एवढं छापलं गेलं असताना ही उणीव लाजिरवाणी आहे.

दिल्लीतल्या मराठी घरांना म्हणून एक विनंती. करोल बाग, पहाडगंज, सरोजिनी नगरच्या सरकारी घरांतून निघून आपण नोएडा-गुरुग्रामच्या इमारतींत आलो, आणि आजोबांच्या तबकड्यांचा खोका बऱ्याचदा मागे राहिला किंवा रद्दीत गेला. अजून कुणाकडे असेल तर तो विकण्याआधी प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचे नीट, सरळ उजेडातले फोटो काढा आणि लेबलाभोवती कोरलेले आकडे कागदावर उतरवून ठेवा. तबकडी पुसताना लेबलला पाणी लागू देऊ नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट तर अजिबात लावू नका. लाख त्यात विरघळते.