‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट चांगला की वाईट?

‘पॉझिटिव्ह विचार करा’ हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, अशी खूणगाठ मनात पक्की बसते. करोनाच्या साथीने नेमकं उलटं शिकवलं: पॉझिटिव्ह म्हणजे आजार. तपासणीच्या कागदावर दोन्ही अर्थ फसतात. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘जे शोधत होतो ते सापडलं’ आणि निगेटिव्ह म्हणजे ‘सापडलं नाही’. चांगलं की वाईट, हे शोधलं काय त्यावर ठरतं.

गैरसमज: पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच.

हेपॅटायटिस बीचंच बघा. ‘एचबीएसएजी’ पॉझिटिव्ह असेल तर विषाणूचा संसर्ग आहे. ‘अँटी-एचबीएस’ पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक वेळा लस लागू पडलेली असते किंवा जुना संसर्ग बरा झालेला असतो. आजार तोच, शब्दही तोच, पण दुसरी बातमी आनंदाची. क्षयाच्या मँटू चाचणीत हातावर गाठ उठली म्हणून क्षय झालाच असं नाही. जंतू सुप्त असू शकतात, कधी बीसीजी लशीमुळेही गाठ उठते. एचआयव्हीचं निदान तर एका चाचणीवर करतच नाहीत, पहिली पॉझिटिव्ह आली की आणखी वेगळ्या चाचण्या करून मगच निकाल देतात. पहिल्याच कागदावर ज्या घरांत आकांत मांडला जातो, त्या घरांना हे वेळेवर कळायला हवं.

गैरसमज: निगेटिव्ह आलं, सुटलो.

डेंग्यूची एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच भरवशाची. आठवडा उलटला की डेंग्यू असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा आयजीएम प्रतिपिंडं शोधतात, आणि ती सुरुवातीला सापडत नाहीत. म्हणून ताप नेमका कधी चढला, हे डॉक्टरांना नीट सांगा.

गैरसमज: निगेटिव्ह रक्तगट म्हणजे रक्तात काहीतरी उणं.

याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण यामुळे मुलींना उगाच बोल लागतो. लाल पेशींवर ‘डी’ हे प्रतिजन असेल तर गट पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. भारतात सुमारे ५ टक्के लोक निगेटिव्ह आहेत आणि त्यांच्या प्रकृतीत त्यामुळे काही कमी नसतं. जपायचं ते रक्त घेताना आणि गरोदरपणात. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. त्यांचा धोका बहुधा पहिल्या बाळाला नसतो, पुढच्याला असतो. तो टाळायला अँटी-डी इंजेक्शन आहे: साधारण २८व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. गर्भपात झाला तरी आपला रक्तगट डॉक्टरांना लगेच सांगावा. तेव्हाही या इंजेक्शनची गरज पडू शकते.