अंगणातला वाफा आणि सोयाबीनचं भुसकट

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे बघायला झुंबड उडते. एप्रिलमध्ये त्याच गावात दारापुढच्या झाडांना पाणी हात राखून घालावं लागतं. तेव्हा वाफ्यात काय लावायचं, हे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवावं.

इथली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. तिच्यातल्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म थर पाणी आत घेतात आणि सोडतात, त्याचा हा परिणाम. भेगांतून खालची ओलही उडून जाते, कोवळी मुळं तुटतात. यावर उपाय आच्छादनाचा. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, कडुनिंबाचा पालापाचोळा, जे हाताशी असेल ते दोन-तीन इंच पसरा. ऊन थेट मातीला लागत नाही, तणही कमी उगवतं. बुंध्याभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा. तिथे ओल साचली तर साल कुजते. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र वापरतात आणि झाडं पिवळी पडतात. हल्ली काळ्या खडीची फॅशन आहे. दिसते झकास, पण मे महिन्यात तापते केवढी!

झाडांत सदाफुली, कण्हेर, कोरांटी आणि कोरफड कमी पाण्यावर तगतात. सदाफुली आणि कण्हेरीला शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. कण्हेर विषारी असते, घरात लहान मूल असेल तर ती टाळा. गुलाबाचा हट्ट असेलच, तर त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल असा कोपरा शोधा.