मेथीची जुडी आणि दोन घरे

माझे माहेर अमरावतीचे आणि सासर अकोल्याचे. बडनेरा, मूर्तिजापूर मागे पडले की आलेच घर! बोली तीच, भाकरही ज्वारीचीच. तेव्हा लग्न होऊन आले त्या वर्षी मला वाटले, स्वयंपाकघरात तरी इथे नवे काही शिकायचे नाही. हा भ्रम पहिल्याच दिवाळीत मेथीने उतरवला.

भाऊबीजेला भाऊ यायचा होता. त्याला मेथीचे आळण फार आवडते. म्हणून दोन दिवस आधीच चार जुड्या आणल्या, धुतल्या आणि पुरत्या निथळण्यापूर्वीच डब्यात भरून झाकण लावले. भाऊबीजेच्या सकाळी डबा उघडते तो आत काळा लगदा! माहेरी आणलेली भाजी त्याच दिवशी होत असे, त्यामुळे ओली पालेभाजी कोंडली की कुजते हे मला ठाऊकच नव्हते. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. पिशवी उचलून बाजाराकडे निघाल्या. मी मान खाली घालून मागोमाग.

त्यांची खरेदी पाहण्यासारखी होती. पाणी मारून टवटवीत केलेल्या ढिगाकडे त्यांनी पाहिलेही नाही. कोरडी जुडी उचलली, मधून उकलून आत पिवळे पान तर नाही ना ते पाहिले आणि देठ मोडला. कट्‌दिशी तुटला तर कोवळा. दोरा सुटला तर जून. फुले किंवा शेंगा दिसल्या तर जुडी सरळ परत. भाजीवाली कुरकुरली, “बाई, भाजी घेता का सोयरीक पाह्यता?”

ठेवण्याची रीतही त्यांचीच मी अजून पाळते. मेथी न धुता निवडायची, कोरड्या फडक्यात सैल गुंडाळायची. फ्रिजमध्ये अशी तीन-चार दिवस सहज राहते. जास्त झालीच तर सावलीत वाळवून चुरायची. अकोल्याच्या उन्हात टाकाल तर हिरवा रंग गेलाच म्हणून समजा! धुवायची ती ऐन करतेवेळी, मोठ्या पातेल्यात, आणि पाने वरच्यावर उचलून घ्यायची. पाणी ओतून टाकले तर तळची माती पुन्हा पानांवर बसते.

इथवर सारे ठीक होते. भांडण झाले ते मिठावरून. आई मेथीला मीठ चोळून कडू पाणी पिळून टाकी. मीही तेच करू लागले, तशा सासूबाई म्हणाल्या, “मेथीतलं कडू काढून टाकलं त मंग राह्यलं काय व? गवत!” (मेथीच्या शास्त्रीय नावातल्या ‘फीनम-ग्रीकम’चा अर्थ ‘ग्रीक गवत’ असाच आहे, हे मला फार पुढे कळले. तोवर उत्तर देण्याची वेळ टळून गेली होती.) पिळलेल्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात, हे मात्र त्यांच्या बाजूचे. त्या पाने चिरीतच नसत. तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची तांबूस झाली की अख्खी पाने टाकायची, झाकण ठेवायचे नाही. पाला बसल्यावर मग मीठ. आधी घातले तर अंदाज हमखास चुकतो. आळण करायचे तर बेसन पाण्यात कालवून त्यावर ओतायचे आणि रटरटू द्यायचे. वर कच्चे तेल, सोबत भाकर आणि कांदा.

मी हट्टी. त्या जेवायला असल्या की त्यांच्या रीतीने आणि एरवी आईच्या रीतीने, अशी वर्षे काढली.

यंदा पावसाळ्यात सासूबाई तापाने महिनाभर अंथरुणावर होत्या. ताप गेला, पण तोंडाची चव परतली नाही. वरण-भात, खीर, सारे दोन घासांवर थांबे. ताट सरकवून भिंतीकडे तोंड करीत. मेथी आली तशी मी आळण केले. आजारी माणसाला कडू कसे द्यावे, म्हणून पाने मीठ लावून पिळून घेतली. त्यांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

“पिळली न व तुनं?”

मी हो म्हटले. ताट सरकवले नाही त्यांनी, पण पुढचा घासही घेतला नाही. मी उठले आणि फडक्यात उरलेली अर्धी जुडी काढून लसूण ठेचायला बसले.