कातडीची आग कशाने होते?

एखाद्या शेतकऱ्याच्या पापण्या सुजतात. मानेला, कोपराच्या घडीत कंड सुटते. कातडी लाल होते, पुढे जाड आणि काळी पडते. घरचे म्हणतात, "उष्णता झाली." शेजारी म्हणतो, "रक्त बिघडलं." कोणी म्हणतं, "देवाचा कोप झाला." खरं कारण पुष्कळदा बांधावरच उभं असतं.

ते म्हणजे गाजर गवत. काही लोक याला काँग्रेस गवत म्हणतात. पाने गाजराच्या पाल्यासारखी, फुले बारीक आणि पांढरी. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले. तेथून देशभर पसरले. आज देगलूर तालुक्यातही ते बांधावर आणि रस्त्याच्या कडेला माजते. पुण्याकडच्या माणसांना कातडीचा त्रास होऊ लागला, तेव्हा कारण कळेना. डॉक्टरांनी शोध केला, आणि १९७४ साली या गवताचा दोष जगापुढे मांडला.

तुम्ही म्हणाल, "दहा वर्षं हेच गवत उपटलं, तेव्हा काही झालं नाही. मग आताच कसं?" तेच तर समजून घ्यायचे आहे. हा त्रास पहिल्या दिवशी होत नाही. गवत वरचेवर अंगाला लागते, आणि एक दिवस शरीर त्याच्याशी वैर धरते. मग वाऱ्याने उडालेली वाळकी धूळही पुरते. सगळ्यांनाच हा त्रास होत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. म्हणून रोग्याचे ताट-वाटी वेगळे ठेवू नका.

कारण कसे ओळखावे? त्रास कुठे होतो ते पाहा. कापडाखालचे अंग बरे आणि उघडे अंग लाल, असे आहे का? परगावी आठ-पंधरा दिवस राहिल्यावर उतार पडतो का? साबण, चपला, तंबाखू, फवारणीचे औषध, यांपैकी नवीन काय वापरले? हे सारे वहीत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मोठ्या दवाखान्यात पाठीवर औषधाच्या पट्ट्या लावतात. दोन दिवसांनी त्या काढून कारण शोधतात. कधी कधी एवढे करूनही कारण सापडत नाही. तरी कंड आटोक्यात ठेवता येते. धीर सोडू नये.

घरी काय करावे? शेतातून आल्यावर गार पाण्याने अंग धुवा. कपडे बदला. खोबरेल तेल लावा. नखे कापा. शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, तोंडाला फडके बांधा. चुना, रॉकेल, बिब्बा असले काही लावू नका. दुकानातून आणलेली मलमाची नळीही मनाने लावू नका. तिने चार दिवस बरे वाटते. पण काही मलमे फार दिवस लावली तर कातडी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो वाढतो.

पू झाला, ताप आला, तोंड सुजले तर सरकारी दवाखान्यात लगेच जा. श्वास कोंडू लागला तर घटकाभरही थांबू नका. चट्टा बधिर असेल, टोचलेले कळत नसेल, तर तेही तपासून घ्या. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकार फुकट देते, आणि माणूस बरा होतो.

राहिले गवत. एका झाडाला हजारो बिया येतात. म्हणून फूल येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. ज्याला त्रास आहे त्याने मात्र उपटू नये. त्याच्या वाटचे काम गावाने करावे.