वाघोबा ऑन टूर, मग आपण का घरात?

रविवार मोकळा आहे? मुलं मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली आहेत? मग डब्यात धपाटे, बाटलीत ताक आणि पिशवीत अर्धापूरची केळी भरा. आज फॅमिली पिकनिक थेट जंगलात! झिपलाइन आणि रोप-ब्रिजसाठी लोणावळा गाठायची काही गरज नाही. आपल्या नांदेड-लातूरच्या रानात जे घडतं, ते कुठल्याही अ‍ॅडव्हेंचर पार्कच्या तोंडात मारेल असं आहे.

पहिला नंबर अर्थात साहेबांचा. माहीत आहे का, देशातला सगळ्यात गाजलेला ‘वॉकर’ आपल्या भागातून गेलाय? टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा तरुण वाघ २०१९ च्या पावसाळ्यात घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे प्रत्येक मुक्कामाची नोंद. यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असं करत स्वारी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचली. नऊ महिन्यांत तब्बल ३००० किलोमीटर! शेतं, ओढे, हायवे, सगळं ओलांडून. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. कशासाठी? स्वतःची हद्द आणि जोडीदारीण, दोन्हींच्या शोधात.

थांबा, सीक्वेलही आहे! डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. पट्टे जुळवून पाहिले, तर हाही टिपेश्वरचाच. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे फोटो हेच त्याचं आधारकार्ड. येडशीचं हे रान अवघं २२ चौरस किलोमीटरच्या आसपास. लातूरकरांनो, वाघ तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन राहिला. मला तर ही बातमी वाचून शिट्टी वाजवावीशी वाटली.

आता गाडी किनवटकडे वळवा. मराठवाडा म्हणजे उघडे माळ, असं ज्यांना वाटतं त्यांना आधी इथे आणून सोडायला हवं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, साग आणि साग.

पोरांसाठी इथे एक फ्री मॅजिक शो आहे. सागाच्या शेंड्याचं कोवळं पान बघा, त्याचा नखाएवढा तुकडा घ्या आणि तळहातावर जोरात चोळा. आधी हिरवट ओल, आणि बघता बघता हात लालभडक! जून, खरखरीत पानाला हा रंग येत नाही, म्हणून कोवळंच हवं. फांदी मात्र मोडायची नाही हं. एक तुकडा चौघांच्या हातांना पुरतो.

मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर? मग पहाटेच निघा, कारण मोहाची फुलं रात्री उमलतात आणि उजाडताना टपटप गळतात. ती वेचायला गावकरी टोपल्या घेऊन येतात. त्याच फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो. त्यामुळे मोहाखाली एकट्यादुकट्याने घुसायचं नाही, हा जंगलाचा जुना नियम.

आणि आता शोस्टॉपर: सहस्रकुंड! पैनगंगा इथे काळ्याभोर खडकांच्या फटींतून असंख्य धारांनी खाली झेपावते. परशुरामाच्या बाणाने नदीच्या हजार धारा झाल्या, अशी इथली कथा. एक काठ मराठवाडा, दुसरा विदर्भ. एका सेल्फीत दोन विभाग, काय डील आहे! मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर ‘सहस्रकुंड’ नावाचं स्टेशनही आहे.

पण एक गोष्ट नीट ऐका. आकाश निरभ्र असलं तरी इथलं पाणी अचानक वाढू शकतं. का? वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. पाऊस तिकडे पडतो, पाणी तिकडून सुटतं आणि लोंढा इकडे येतो. खडक शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात. लाइक्ससाठी कड्यावर जायचं नाही म्हणजे नाही!

भूगोलाचा हा ट्विस्ट माहीत आहे का? नांदेडच्या घाटावरून गोदावरी वाहते, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पैनगंगा. दोघी इथे भेटतच नाहीत. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. म्हणजे सहस्रकुंडाचं पाणी विदर्भाच्या कडेकडेने लांबचा वळसा घालून गोदामाईला गाठतं. लातूरची मांजरा तर त्याहून हौशी. कर्नाटक, तेलंगणा फिरते, मग चक्क उत्तरेला यू-टर्न मारते आणि कंदकुर्तीला गोदावरीत उतरते.

भूक लागली? माहूरला चला. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे पूर्ण पीठ. तीन शिखरं, तीन दर्शनं: रेणुकामाता, दत्तप्रभू, अनसूयामाता. आणि प्रसाद? पेढा नाही, लाडू नाही. चक्क तांबूल! विड्याची पानं कात-सुपारीसकट लोखंडी खलात कुटून केलेला लालचुटूक गोळा. दात नसलेली आजीसुद्धा तो मजेत खाते. पायऱ्या चढून पोटऱ्या भरल्या असतील, तर किनवट तालुक्यातलं उनकेश्वर गाठा. गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे, गीझर जमिनीखाली!

आता लातूर. इथे क्षणभर सीरियस. जिल्ह्यातलं वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणूनच इथलं प्रत्येक झाड व्हीआयपी आहे. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट पाहिलंत? या टेकडीवर औषधी वनस्पतींचा खजिना आहे. वैद्यांचे पाय इकडे वळतात ते त्यासाठीच.

निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. चिंच म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचा जंगल जिम. चढायला फांद्या, बसायला सावली, वर आंबट-गोड स्नॅक्स मोफत!

औसा तालुक्यातल्या लोदग्याची ओळख आज बांबूसाठी आहे. बांबू हे झाड नसून गवत आहे, आणि त्याच्या काही जाती दिवसाला ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतात. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातही ‘झाड’ राहिला नाही. तेव्हापासून शेतकऱ्याला तो बिनधास्त तोडता-विकता येतो.

बोनस हवाय? लातूरहून येडशीला रेल्वेने जा. कधीकाळी या मार्गावर अडीच फुटी नॅरोगेजची बार्शी लाइट रेल्वे धावायची. १८९७ मध्ये सुरू झालेली ही चिमुकली गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. आज तिथे ब्रॉडगेज आहे. बालाघाटाच्या डोंगरात खिडकीची सीट मिळाली, तर भांडण ठरलेलं.

धबधबा बघायचा तर ऑगस्ट ते ऑक्टोबर, पळस फुललेला बघायचा तर होळीच्या आसपास. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात वेळा विचारा, हॉर्न आणि स्पीकर बंद ठेवा, आणि केळ्याच्या सालीपासून चिप्सच्या पाकिटापर्यंत सगळा कचरा परत घरी आणा. या रविवारीच निघा!